गहाणखतापूर्वी पतअहवालातील हरकतीचा शेरा : शेतकरी व विस्तार कार्यकर्त्यांसाठी अभ्यासलेख

रायपूरच्या पुरानी बस्तीत, महामाया मंदिराच्या आसपासच्या अरुंद गल्ल्यांत, राहते घर शहरात आणि शेती अभनपूर किंवा आरंग तालुक्यात, अशी कुटुंबे आहेत. छत्तीसगढचा हा प्रदेश १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत असे. त्यामुळे या भागातील जुन्या कुटुंबांत मराठी बोलणारीही आहेत. कौलारू घर मोडकळीस आले की ते पाडून नवे बांधावे, त्यासाठी जुने घर किंवा जागा बँकेकडे गहाण ठेवून कर्ज घ्यावे, हा विचार अशा कुटुंबांत आता सर्रास होतो. कर्ज मंजूर होते, गहाणखताची तारीख ठरते, गवंड्याला इसार दिला जातो. आणि नेमक्या त्या वेळी बँकेतून निरोप येतो की पतअहवालात ‘अंडर डिस्प्यूट’ असा शेरा दिसत असल्यामुळे प्रकरण थांबवले आहे.

हा प्रश्न कृषी विस्ताराच्या कक्षेत कसा येतो, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शेताच्या बांधावरच मिळते. धानपट्ट्यातील शेतकऱ्याच्या पतअहवालात जो बिघाड दिसतो त्याचे मूळ बहुधा पीककर्जात असते, आणि पीककर्ज थकण्यामागे पुष्कळदा पाऊस किंवा कीड असते. ज्या विस्तार कार्यकर्त्याने तपकिरी तुडतुड्याने करपलेले शेत प्रत्यक्ष पाहिलेले असते, त्याच्याकडेच पाच वर्षांनी तो शेतकरी बँकेचा कागद घेऊन येतो. गोंदिया, भंडारा व गडचिरोली या जिल्ह्यांतही स्थिती निराळी नाही.

शेरा म्हणजे काय, आणि काय नव्हे

भारतात पतविषयक माहिती गोळा करणाऱ्या चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क. सिबिलची स्थापना २००० साली झाली. ती सर्वांत जुनी असल्यामुळे बोलीभाषेत पतअहवालालाच ‘सिबिल’ म्हणण्याची रीत पडली आहे. या सर्व कंपन्यांना ‘पतविषयक माहिती कंपन्या (नियमन) अधिनियम, २००५’ लागू होतो. बँका, वित्तसंस्था व सहकारी बँका आपल्या कर्जदारांची माहिती ठरावीक मुदतीने या कंपन्यांना कळवतात. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती दर पंधरवड्याला, म्हणजे महिन्याच्या १५ तारखेची व अखेरच्या दिवसाची, कळवणे आवश्यक झाले. त्यापूर्वी ती सर्वसाधारणपणे महिन्यातून एकदा जात असे.

एखादी नोंद चुकीची आहे असे कर्जदाराने माहिती कंपनीला कळवले की ती कंपनी त्या नोंदीसमोर हरकत घेतली गेल्याचे दर्शवते आणि संबंधित कर्जदात्या संस्थेकडे विचारणा करते. हाच तो शेरा. तो थकबाकीचा पुरावा नव्हे, आणि कर्जदार निर्दोष असल्याचे प्रमाणपत्रही नव्हे. या नोंदीविषयी दोघांत मतभेद आहे व त्याचा निकाल अद्याप लागलेला नाही, एवढेच तो सांगतो. अधिनियमाच्या कलम २१ नुसार दुरुस्ती मागण्याचा हक्क कर्जदाराला आहे. परंतु कर्जदात्या संस्थेने दुजोरा दिल्याखेरीज माहिती कंपनी स्वतःच्या अधिकारात नोंद बदलू शकत नाही. ही दुसरी गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते. म्हणून सगळा राग सिबिलवर निघतो आणि ज्या शाखेत चूक झाली तेथे कोणी जातच नाही.

शेरा दिसताच बँक का थांबते? तिला परतफेडीचा अंदाज बांधायचा असतो, आणि ज्या नोंदीवर तो बांधायचा तीच वादात असते. अमेरिकेत ही काळजी नियमातच उतरली आहे. तेथील फेडरल हाऊसिंग ॲडमिनिस्ट्रेशनच्या हमीवर दिल्या जाणाऱ्या गृहकर्जात, वादात असलेल्या प्रतिकूल खात्यांची एकूण रक्कम एक हजार डॉलर किंवा त्याहून अधिक झाली, तर ते प्रकरण संगणकाच्या निर्णयावर न सोडता अधिकाऱ्याने स्वतः तपासावे लागते. वैद्यकीय खर्चाची खाती त्यातून वगळलेली आहेत. वादातील खाते गुणांकनातून बाजूला पडले तर गुण फुगलेले दिसतील, ही यामागची भीती आहे. घर घेणाऱ्या तेथील मराठी कुटुंबांनाही खरेदीच्या आधी असे शेरे काढून घेण्याची धावपळ करावी लागते. भारतात अशी आकड्यांनी आखलेली सीमा नाही. शेऱ्याला किती महत्त्व द्यायचे हे ज्या त्या बँकेचे धोरण ठरवते, आणि म्हणूनच शेतकऱ्याला ते आधी कळत नाही.

एक उदाहरण

पुढील उदाहरण कल्पित आहे, पण त्यातील प्रत्येक घटक अशा प्रकरणांत भेटणारा आहे. पुरानी बस्तीतील एका शेतकऱ्याला घरबांधणीसाठी १२ लाख रुपयांचे कर्ज हवे आहे. गहाणखताची तारीख २० मार्च ठरली. फेब्रुवारीच्या अखेरीस बँकेने अहवाल काढला, तेव्हा त्यात तीन प्रतिकूल नोंदी दिसल्या. पहिली नोंद जुन्या सहकारी पीककर्जाची होती. ते २०१८ च्या कर्जमाफीत बसले होते, तरी अहवालात ‘सेटल्ड’ असे लिहून ३८,४०० रुपये येणे दाखवले होते. दुसरी ट्रॅक्टरच्या कर्जाची. ते फिटले होते, परंतु बँकेच्या विलीनीकरणानंतर तेच कर्ज दोन खातेक्रमांकांनी दिसत होते, त्यांपैकी एक बंद आणि एक चालू. तिसरी किसान क्रेडिट कार्डाची. तुडतुड्याने धान गेलेल्या वर्षी रक्कम उशिरा भरली गेली आणि देय तारखेनंतर उलटलेल्या दिवसांच्या रकान्यात १५० हा आकडा उमटला.

शेतकऱ्याने घाईने, पुतण्याच्या मोबाइलवरून, तिन्ही नोंदींवर एकाच रात्री हरकत घेतली. दोन दिवसांनी बँकेने पुन्हा अहवाल काढला तेव्हा तिन्हींसमोर शेरा होता. प्रकरण थांबले.

येथे कीटकशास्त्रातील एक ओळखीची चूक आठवते. तुडतुडा दिसला की हाती लागेल ते कृत्रिम पायरेथ्रॉइड फवारणाऱ्या शेतात कोळी व इतर मित्रकीटक मरतात आणि तुडतुडा आधीपेक्षा अधिक जोमाने उसळतो. येथेही तीन नोंदी तीन वेगळ्या प्रकारच्या होत्या. त्या ओळखण्याआधीच औषध मारले गेले.

तीन नोंदी, तीन उपाय

कर्जमाफीची नोंद प्रथम घेऊ. छत्तीसगढ शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये सहकारी व ग्रामीण बँकांकडील ३० नोव्हेंबर २०१८ रोजी येणे असलेली अल्पमुदतीची कृषी कर्जे माफ करण्याचा निर्णय घेतला. महाराष्ट्रात २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि २०१९ ची महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना या त्याच प्रकारच्या. २००८ ची केंद्राची कर्जमाफी व कर्जसवलत योजना अनेकांच्या स्मरणात असेल. माफीचा अर्थ शासनाने शेतकऱ्याच्या वतीने रक्कम भरली. बँकेला पूर्ण येणे मिळाले असेल तर खाते शून्य शिलकीने ‘बंद’ दिसले पाहिजे. ‘सेटल्ड’ याचा अर्थ वेगळा आहे : बँकेने काही रक्कम सोडून देऊन तडजोड केली. गृहकर्ज देणारा अधिकारी हा शब्द वाचतो तेव्हा त्याच्या दृष्टीने हा कर्जदार पूर्ण पैसे न फेडणारा ठरतो. म्हणून ही हरकत योग्य आहे. मात्र ज्या योजनेत किंवा एकरकमी परतफेडीत बँकेने खरोखरच स्वतःचे व्याज वा मुद्दल सोडले, तेथे ‘सेटल्ड’ ही नोंद खरी असते. हरकत घेऊन ती जाणार नाही. सोडलेली रक्कम नंतर भरून, बँकेची संमती मिळाली तर, नोंद ‘बंद’ अशी करून घेणे हाच मार्ग उरतो. कोणती स्थिती आहे हे कर्जमाफीच्या प्रमाणपत्रावरून आणि बँकेच्या खातेउताऱ्यावरून कळते. तो उतारा मागण्यापूर्वी हरकत घेऊ नये.

येथे सहकारी कर्जाची एक विशेष अडचण लक्षात घ्यावी. छत्तीसगढात धानखरेदीच्या पैशांतूनच सोसायटीचे पीककर्ज वळते करून घेण्याची पद्धत आहे. तिला ‘लिंकिंग’ म्हणतात. २०२४-२५ च्या हंगामात ही खरेदी १४ नोव्हेंबर ते ३१ जानेवारी अशी चालली. शेतकऱ्याच्या दृष्टीने धान तोलले गेले आणि रक्कम कापली गेली की कर्ज फिटले. परंतु सोसायटीच्या खतावणीतील जमा, जिल्हा सहकारी बँकेच्या शाखेतील जमा आणि माहिती कंपनीकडे गेलेली नोंद हे तीन निराळे टप्पे आहेत. पहिल्या दोहोंत अंतर पडले तर तिसऱ्यात थकबाकी दिसणे स्वाभाविक आहे. अशा वेळी माहिती कंपनीकडे हरकत पाठवली तर ती बँकेकडे जाते, बँक आपली खतावणी पाहते, तेथे थकबाकीच दिसते, आणि ‘नोंद बरोबर आहे’ असे उत्तर येते. शेतकऱ्याचे तीस दिवस वाया जातात. म्हणून आधी सोसायटीची पावती आणि धानविक्रीची पोच घेऊन शाखेत जावे, खतावणी दुरुस्त करून घ्यावी, मगच अहवालाकडे वळावे. अहवाल हा आरसा आहे. चेहऱ्यावरचा डाग आरसा पुसून जात नाही.

दुहेरी नोंदीचा प्रकार तुलनेने सोपा. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक व विजया बँक या बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार बँका झाल्या. १ मे २०२५ रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक यांची मिळून एकच ग्रामीण बँक झाली. खातेक्रमांक बदलले की जुना क्रमांक बंद न होता तसाच राहण्याची शक्यता असते. बेबाकी दाखला, दोन्ही क्रमांक आणि कर्ज फिटल्याची तारीख एका अर्जात स्पष्ट लिहिली की हा गुंता बहुधा सुटतो.

तिसऱ्या नोंदीशी मात्र थोडे थांबावे लागेल. १५० दिवसांचा उशीर खरा होता. तेथे हरकतीचे कारणच नव्हते. परंतु त्या आकड्याचा अर्थ लावण्यात गफलत होऊ शकते. सर्वसाधारण कर्ज ९० दिवस थकले की ते अनुत्पादक ठरते. शेतीकर्जाला रिझर्व्ह बँकेने निराळा निकष दिला आहे : अल्पमुदतीच्या पिकासाठी घेतलेले कर्ज दोन पीक हंगाम थकले तर, आणि दीर्घमुदतीच्या पिकासाठी घेतलेले एक पीक हंगाम थकले तर, ते अनुत्पादक होते. ज्या पिकाचा हंगाम एका वर्षाहून मोठा ते दीर्घमुदतीचे. धान अर्थातच अल्पमुदतीचे. म्हणजे १५० दिवस उशीर होऊनही ते खाते बँकेच्या पुस्तकात ‘प्रमाणित’च असू शकते. शहरी शाखेतील गृहकर्जाचा अधिकारी पगारदारांचे अहवाल वाचण्यास सरावलेला असतो. त्याला १५० हा आकडा ९० च्या पुढचा दिसतो आणि तेथेच मत बनते. याला उतारा हरकत नव्हे, किसान क्रेडिट कार्ड देणाऱ्या शाखेचे पत्र. खाते कधीही अनुत्पादक नव्हते, अमुक तारखेला संपूर्ण येणे भरले गेले, एवढी दोन वाक्ये त्या पत्रात असली की पुरे.

त्याच वर्षी पीकनुकसान ३३ टक्के किंवा अधिक झाले होते का आणि शासनाने क्षेत्र आपद्ग्रस्त घोषित केले होते का, हेही पाहावे. नैसर्गिक आपत्तींसंबंधीच्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत चक्रीवादळ, दुष्काळ, पूर, गारपीट यांच्याबरोबर किडींचा हल्लाही आपत्ती म्हणून मोजला आहे, ही गोष्ट विस्तार कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. २०१८ च्या या निर्देशांनुसार नुकसान ३३ ते ५० टक्के असेल तर पीककर्जाची परतफेड दोन वर्षांपर्यंत, आणि ५० टक्के वा त्याहून अधिक असेल तर कमाल पाच वर्षांपर्यंत, वाढवून देता येते. दोहोंत पहिले वर्ष वसुलीच्या सवलतीचे. असे पुनर्गठन झालेले कर्ज थकीत मानायचे नसते. पुनर्गठन झाले असूनही अहवालात १५० दिवस दिसत असतील, तर ती नोंद चुकीची ठरते आणि हरकत रास्त होते. म्हणजे एकाच आकड्यावर दोन वर्षांत दोन वेगळे निर्णय संभवतात. त्यातला फरक शेतातील नुकसानीच्या कागदावर अवलंबून असतो.

आणि नेमका तोच कागद सहसा नसतो. पीक विम्यात गारपीट, भूस्खलन, जलमयता, ढगफुटी, विजेमुळे लागलेली आग अशा स्थानिक आपत्तींसाठी शेतकरीनिहाय पाहणीची तरतूद आहे. कीड व रोग यांचे नुकसान मात्र क्षेत्राच्या सरासरी उत्पन्नातच मोजले जाते. त्यामुळे एकट्यादुकट्याच्या शेतात तुडतुड्याने वर्तुळाकार चट्टे पाडून धान झोपवले तर त्याची नोंद कोणत्याच दप्तरात राहत नाही. छत्तीसगढातील ग्रामीण कृषी विस्तार अधिकारी किंवा महाराष्ट्रातील सहायक कृषी अधिकारी यांनी क्षेत्रभेटीच्या वेळी तारीख, गट किंवा खसरा क्रमांक, किडीचे नाव व बाधित क्षेत्राचा अंदाज लिहून त्याची एक प्रत शेतकऱ्याला दिली, तर ती नोंद बँकेवर बंधनकारक होत नाही हे खरे. तरीही उशीर का झाला हे सांगणाऱ्या अर्जाला तिच्यामुळे आधार मिळतो. शेतकऱ्याच्या तोंडी सांगण्यापेक्षा चार वर्षांपूर्वीची तारीख असलेला कागद कोणत्याही अधिकाऱ्याला अधिक पटतो.

दिवसांचा हिशेब

हरकत मिळाल्यापासून तीस दिवसांत तिचा निकाल लागला पाहिजे. रिझर्व्ह बँकेने २६ ऑक्टोबर २०२३ रोजी काढलेल्या आणि २६ एप्रिल २०२४ पासून अमलात आलेल्या परिपत्रकानुसार, या तीस दिवसांपैकी एकवीस दिवसांत कर्जदात्या संस्थेने सुधारित माहिती पाठवायची असते. उरलेले दिवस माहिती कंपनीचे. तीस दिवस उलटूनही निकाल लागला नाही तर पुढील प्रत्येक दिवसासाठी शंभर रुपये भरपाई कर्जदाराला देय होते. एकवीस दिवसांची मुदत बँकेने मोडली असेल तर ती बँकेने द्यायची, बँकेने वेळेत पाठवूनही माहिती कंपनीने विलंब केला असेल तर कंपनीने. ही रक्कम तक्रार निकाली निघाल्यापासून पाच कामकाजी दिवसांत बँक खात्यात जमा व्हावी लागते, म्हणून अर्जात आपला खातेक्रमांक देणे आवश्यक आहे. पतगुण कमी का लागले, ही तक्रार या भरपाईत बसत नाही. दुरुस्तीची मागणी फेटाळली तर त्याचे कारणही कर्जदाराला कळवले पाहिजे.

शंभर रुपये रोज ही भरपाई गवंड्याचा एक दिवस भरून काढण्यासही पुरत नाही. तिचा उपयोग मुख्यतः दबाव म्हणून. त्यामुळे शेतकऱ्याने भरवसा तारखांच्या हिशेबावर ठेवावा.

उदाहरणातील गहाणखत २० मार्चला आहे. कर्जवितरणापूर्वी बँक अहवाल पुन्हा काढते, ते साधारण १० मार्चच्या सुमारास होईल असे धरू. हरकतीचे तीस दिवस मागे मोजले तर ८ फेब्रुवारीच्या आसपास येऊन पोहोचतो. त्याआधी शाखेतून उतारा, बेबाकी दाखला आणि पत्र मिळवण्यास दोन आठवडे सहज लागतात. आणखी एक बाब : बँकेने आपल्या खतावणीत १६ फेब्रुवारीला दुरुस्ती केली तर ती नेहमीच्या क्रमाने महिनाअखेरच्या माहितीत जाईल. ती पाठवण्यास सात दिवस आणि माहिती कंपनीने ती सामावून घेण्यास पाच दिवस, म्हणजे अहवालात उमटेपर्यंत १२ मार्च उजाडू शकतो. एकंदरीत, मार्चमधील गहाणखतासाठी अहवाल डिसेंबरअखेरीस काढून पाहणेच शहाणपणाचे. ज्यांचे धान अजून खरेदी केंद्रावर जायचे आहे त्यांनी जानेवारीतील कपातीनंतर तो आणखी एकदा पाहावा. प्रत्येक माहिती कंपनीने वर्षातून एक संपूर्ण अहवाल विनामूल्य दिला पाहिजे, हा नियम १ जानेवारी २०१७ पासून आहे. चार कंपन्या म्हणजे वर्षाला चार विनामूल्य अहवाल. बँक कोणत्या कंपनीचा अहवाल पाहणार हे आधी विचारून घ्यावे. एका कंपनीकडील नोंद सुधारली म्हणून दुसरीकडील सुधारली असेलच असे गृहीत धरू नये.

स्वतःचा अहवाल स्वतः काढल्याने गुण घटत नाहीत. ही भीती गावोगावी आहे आणि ती निराधार आहे.

हरकत मागे घ्यावी का?

तारीख तोंडावर आली की बँकेतील एखादा हितचिंतक सुचवतो : ‘हरकत मागे घ्या, शेरा जाईल, काम पुढे सरकेल.’ हा सल्ला कधी योग्य असतो, कधी घातक. तिसऱ्या नोंदीवरची हरकत मुळातच अनाठायी होती. ती मागे घेणे आणि शाखेचे पत्र जोडणे हेच बरोबर. पहिल्या नोंदीबाबत तसे केले तर शेरा जाईल आणि मागे ३८,४०० रुपयांच्या येण्यासह ‘सेटल्ड’ हा शब्द स्वच्छ, निर्विवाद उभा राहील. मग बँक कर्ज नाकारील किंवा अधिक व्याजदर लावील, आणि तिच्या दृष्टीने त्यात काही चूक नसेल. म्हणून प्रत्येक हरकतीबाबत आधी एकच प्रश्न विचारावा : शेरा गेल्यावर खाली जे उरेल ते कर्जदाराला चालण्यासारखे आहे काय? नसेल तर तारीख पुढे ढकलणे कमी खर्चाचे. मंजुरीपत्राची मुदत किती आहे ते पाहावे आणि ती वाढवून मिळण्यासाठी लेखी अर्ज द्यावा. सोबत हरकतीचा क्रमांक आणि बँकेला दिलेल्या पुराव्यांची यादी जोडावी. तीस दिवसांत निकाल बंधनकारक आहे हे अर्जात लिहिल्यास अधिकाऱ्यालाही वरिष्ठांना सांगण्यास आधार मिळतो.

या टप्प्यावर शहरात आणखी एक जमात भेटते. पाच-दहा हजार रुपये घेऊन ‘सिबिल साफ करून देतो’ असे सांगणारे. हरकत नोंदवण्यास एक पैसाही लागत नाही, आणि कर्जदात्या संस्थेच्या दुजोऱ्याशिवाय नोंद बदलत नाही. मग हे लोक काय करतात? अहवालातील दिसेल त्या नोंदीवर, खऱ्याखोट्याचा विचार न करता, पुन्हा पुन्हा हरकती टाकतात. काही काळ सगळीकडे शेरे दिसतात. त्यालाच सुधारणा म्हणून दाखवले जाते. त्यांना आधार, पॅन आणि मोबाइलवर आलेला संकेतांक देणे किती धोक्याचे आहे, हे निराळे सांगण्याची गरज नसावी.

बँक वा माहिती कंपनी दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. त्याआधी संबंधित संस्थेकडे लेखी तक्रार करून तीस दिवस थांबावे लागते. माहिती कंपन्या १ सप्टेंबर २०२२ पासून या योजनेत आल्या. राज्य व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनाही तीत आणण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केला. धानपट्ट्यातील शेतकऱ्यांच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे. गावची सेवा सहकारी सोसायटी मात्र लोकपालाच्या कक्षेत येत नाही. तिच्या हिशेबाविषयीची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे, छत्तीसगढात उपपंजीयकाकडे, करावी लागते.

घर एकत्र असेल तर

उदाहरणातील शेतकऱ्याच्या तिन्ही नोंदींचा निकाल वेळेत लागला असे समजू. पहिलीत ‘सेटल्ड’ जाऊन शून्य शिलकीसह ‘बंद’ आले, दुसरीतील जादा खाते निघाले, तिसरीवरची हरकत मागे घेऊन पत्र जोडले. तरीही बँकेला देण्यापूर्वी नवा अहवाल काढून तिन्ही ठिकाणी शेरा उरला नाही ना, हे डोळ्यांनी पाहिले पाहिजे. निकालाचा लघुसंदेश आला म्हणजे शेरा गेला, असे धरून चालू नये. निकालपत्र आणि अहवालावरील नियंत्रण क्रमांक जपून ठेवावा, कारण पुढील कोणत्याही विचारणेत तोच लागतो.

पुरानी बस्तीतील पुष्कळशी घरे वडिलोपार्जित असतात आणि त्यांवर एकाहून अधिक भावांची नावे असतात. अशा घराच्या गहाणखतावर सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या लागतात आणि बँक बहुधा त्यांना सहअर्जदार करून घेते. मग तपासणी एकट्याच्या अहवालाची राहत नाही. धाकटा भाऊ गावात राहतो, त्याने कधी शेजाऱ्याच्या पंपसेटच्या कर्जाला जामीन दिला होता आणि शेजाऱ्याने हप्ते थकवले, तर ती थकबाकी भावाच्या अहवालात जामीनदार या नात्याने दिसते. ती नोंद खरी असते, तिच्यावर हरकत चालत नाही, आणि थकबाकी भरली गेल्याखेरीज ती सुधारतही नाही. हे शेजाऱ्याशी बोलून सोडवण्याचे काम आहे आणि त्याला बँकेच्या तीस दिवसांहून अधिक वेळ लागतो. म्हणून डिसेंबरात अहवाल काढायचे ते घरावर नाव असलेल्या प्रत्येकाचे, एकाच दिवशी.